ताबा ठरला, पण मूल घाबरतंय?

मुलाच्या ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात वडिलांना ताबा देणारा स्वतःचाच निर्णय फिरवला. मुलाची चिंता त्या आधीच्या निर्णयानंतर वाढल्याचे अहवाल समोर आले होते. ताबा आईकडे राहिला, वडिलांच्या भेटीही चालू राहिल्या.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४च्या कलम १२नुसार न्यायाधीश वैद्यकीय तज्ज्ञांची मदत घेऊ शकतात. मूल समजत्या वयाचं असेल, तर त्याची पसंती विचारात घेण्याची सोय १८९०च्या पालक व पाल्य कायद्यात (कलम १७) आहे.

भेटीच्या आदल्या रात्री मुलाच्या पोटात दुखतं, बॅग भरताना रडू फुटतं. ‘समोरच्यानेच कान भरलेत’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. हे दुखणं खरं असतं. तारखा लिहून ठेवा, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मात्र भेटी परस्पर बंद करू नका, तो आदेशाचा भंग ठरतो. त्याऐवजी अर्ज करून भेटीची वेळ कमी करणं, रात्रीचा मुक्काम तूर्त वगळणं, ओळखीची जागा किंवा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल मागता येतो.