सहकाऱ्याचा गुन्हा आणि कळवण्याचे कर्तव्य

दारू पिऊन गाडी चालवताना एखादा कर्मचारी नाकाबंदीत सापडला, त्याच्यावर खटला दाखल झाला आणि ही गोष्ट कार्यालयात एखाद्याच सहकाऱ्याला ठाऊक असली, तर त्याने ती वरिष्ठांच्या कानावर घालावी की नाही, हा प्रश्न मुख्यतः विवेकाचा आहे. तरीही कायदा काय सांगतो, हे आधी पाहिले पाहिजे, कारण गप्प बसणारे आणि तक्रार करणारे असे दोघेही पुष्कळदा कायद्याविषयीच्या चुकीच्या समजुतीचा आधार घेतात.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 नुसार, श्वासचाचणीत चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा गुन्हा मालकाला कळवण्याचे बंधन मात्र सहकाऱ्यावर कोठेही घातलेले नाही. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे हे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे, पण त्या गुन्ह्यांत याचा समावेश नाही; शिवाय येथे पोलिसांना ते आधीच ठाऊक असते.

मालकाचे अधिकारही समजले जातात तितके व्यापक नाहीत. कारखान्यातील कामगारांचे गैरवर्तन कशाला म्हणावे, हे ‘स्थायी आदेशां’त, म्हणजे सेवाशर्तींच्या प्रमाणित नियमावलीत, नमूद केलेले असते. आस्थापनेच्या आवारात किंवा लगत घडलेल्या गैरवर्तनाबद्दलच्या अशा नियमाचा अर्थ ताणून कामगाराच्या बाहेरच्या आयुष्यावर मालकाला अंकुश ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅक्सो कंपनीच्या प्रकरणात 1983 मध्ये स्पष्ट केले. सरकारी नोकरीत चौकट अधिक कडक आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 च्या नियम 22 नुसार कर्मचाऱ्याने नशेत सार्वजनिक ठिकाणी वावरणेही निषिद्ध आहे, आणि अटक झाल्यास ती वरिष्ठांना कळवण्याची जबाबदारी त्या कर्मचाऱ्याचीच असते. म्हणून हिशेब तपासणाऱ्या किंवा संगणकासमोर बसणाऱ्या माणसाने सुटीच्या रात्री केलेला गुन्हा, ज्याची शिक्षा न्यायालय देणारच आहे, सहकाऱ्याने मालकापर्यंत नेण्याचे काहीच कारण उरत नाही. तसे केल्याने रस्ता सुरक्षित होत नाही आणि एका घराची मिळकत मात्र धोक्यात येते.

ज्याच्या हाती कंपनीची बस, शाळेची गाडी, रुग्णवाहिका किंवा क्रेन आहे, त्याच्या बाबतीत मात्र हा सारा युक्तिवाद उलटतो. अमेरिकेत व्यावसायिक चालकाचा परवाना असणाऱ्याने, स्वतःच्या खासगी गाडीवरचा असला तरी, वाहतूक गुन्ह्यातील दोषसिद्धीची माहिती 30 दिवसांच्या आत मालकाला दिली पाहिजे, असा केंद्रीय नियम आहे. तेथे कळवण्याचा भार कायद्याने मुळात चालकावरच टाकला असल्याने सहकाऱ्याची कोंडी पुष्कळ कमी होते. भारतात सर्व व्यावसायिक चालकांना लागू होणारा असा नियम मोटार वाहन अधिनियमात नाही, आणि ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे. शरीर मद्याचा निचरा अत्यंत संथपणे करते. रक्तातील प्रमाण दर तासाला साधारणतः 15 मिलिग्रॅमने घटते, म्हणजे मध्यरात्री 150 मिलिग्रॅम असणाऱ्या माणसाच्या रक्तात सकाळी सहा वाजता, पहिल्या पाळीच्या बसवर बसताना, सुमारे 60 मिलिग्रॅम, अर्थात मर्यादेच्या दुप्पट मद्यार्क असू शकतो. झोप झाली आणि डोके हलके झाले, म्हणजे नशा उतरली, असे नव्हे. त्यामुळे चालकाने रात्री घरी घेतलेली दारू ही त्याची खासगी बाब आहे, असे त्या बसमधील चाळीस प्रवाशांना सांगता येणार नाही. कामावर असताना चालकाच्या हातून अपघात घडल्यास भरपाईची जबाबदारी वाहनमालकावरही येते. तेव्हा हे जाणून घेणे ही मालकाची रास्त गरज ठरते.

अशा वेळीही पहिला शब्द त्या सहकाऱ्याशीच बोलला गेला पाहिजे. त्याने स्वतःहून कळवावे, यासाठी त्याला एक-दोन दिवसांची मुदत देणे आणि तोवर त्याने गाडीला हात लावू नये, असा आग्रह धरणे न्याय्य ठरते. तो तयार नसेल, तर जेवढे खात्रीने ठाऊक आहे तेवढेच, वाहतूक विभागाच्या किंवा मनुष्यबळ विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. सद्भावनेने आणि अधिकार असलेल्या व्यक्तीकडे केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यातील अपवादाचे संरक्षण मिळू शकते. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या मजकुराला त्याचा आधार मिळणे कठीण आहे. सूचिबद्ध कंपन्यांत कंपनी अधिनियम, 2013 नुसार ‘दक्षता यंत्रणा’, म्हणजे गैरप्रकार निर्भयपणे कळवण्याची सोय, असणे बंधनकारक आहे. चालक त्या क्षणी नशेत गाडी काढत असेल, तर मात्र मुदत आणि लेखी पत्र यांचा विचार न करता किल्ली काढून घ्यावी, आणि तेही जमले नाही, तर 112 या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

मद्यासक्ती हा उपचार होऊ शकणारा आजार आहे, आणि पुण्यातील ‘मुक्तांगण’सारखे केंद्र 1986 पासून हेच काम करत आले आहे. माहिती मिळताच चालकाला बडतर्फ करणाऱ्या आस्थापनेत पुढच्या वेळी कोणीही तोंड उघडणार नाही. म्हणून मालकांनी अशा चालकाला गाडीवरून तात्काळ उतरवावे, पण उपचार पूर्ण होईपर्यंत त्याला दुसरे काम द्यावे, आणि ही तरतूद नेमणुकीच्या पत्रातच लिहून ठेवावी.