गॉटिंगेन ते बंगळूर : प्रा. विष्णू माधव घाटगे

कॅडेट मित्रहो, लढाऊ विमानांची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. पण शिकाऊ वैमानिक सर्वांत आधी ज्यात बसतो, ते प्रशिक्षण विमान सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. स्वतंत्र भारताने असे विमान स्वतः आखले, स्वतः बांधले आणि हवाई दलाला दिले. त्या कामाचे सूत्रधार होते एक मराठी प्राध्यापक, डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर भागात झाला. त्या काळी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणे म्हणजे बहुधा इंग्लंडला जाणे. घाटगे जर्मनीला गेले, कारण वायुगतिशास्त्राचे मोठे गुरू लुडविग प्रांट्ल गॉटिंगेनला शिकवत होते. पंखाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर वेगळ्या तऱ्हेने वागतो, हे प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडले. हा थर पंखावरून सुटला की विमानाची उचल एकदम घटते. वैमानिक ज्याला ‘स्टॉल’ म्हणतात, तो हाच. अशा गुरूच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ते मायदेशी परतले.

१९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला विमान कारखाना काढला. घाटगे तेथे रुजू झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी आखलेले दहा आसनी ग्लायडर उडाले. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत कारखाना विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. दुरुस्ती करणारे हात मिळाले तरी नवे विमान आखणारी डोकी कोठून आणणार? डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि घाटगे त्याचे पहिले प्रमुख झाले. गॉटिंगेनची विद्या आता भारतीय विद्यार्थ्यांना येथेच मिळू लागली.

पुढे घाटगे कारखान्यात आरेखनाच्या कामाकडे वळले आणि त्यांच्या देखरेखीखाली ‘एचटी-२’ तयार झाले. प्रशिक्षण विमान आखणे वाटते तितके सोपे नसते. नवशिक्याच्या चुका त्याने सोसल्या पाहिजेत. स्टॉल होण्याआधी त्याने इशारा दिला पाहिजे आणि स्टॉल झाल्यावर सावरता आले पाहिजे. पण ते इतकेही सोपे नको, की पुढच्या वेगवान विमानात विद्यार्थी गांगरून जाईल. ‘एचटी-२’ पूर्ण धातूचे होते. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक बसत. इंजिन ब्रिटिश होते, आराखडा भारतीय. ऑगस्ट १९५१ मध्ये ते प्रथम उडाले आणि हवाई दलात त्याने जुन्या ‘टायगर मॉथ’ची जागा घेतली. वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरवले. १९५९ मध्ये घाना या नव्या देशाचे हवाई दल उभे राहिले, तेव्हा तेथेही ‘एचटी-२’ गेले. जर्मनीत घेतलेली विद्या बंगळूरमार्गे आफ्रिकेत पोहोचली!

१९५६ मध्ये प्रसिद्ध जर्मन आरेखक कुर्ट टांक बंगळूरला आले. ‘मारुत’ हे लढाऊ विमान भारतीय अभियंत्यांसह आखताना येथे अनुभवी माणसे तयार होती. १९६१ मध्ये ‘मारुत’ उडाले. १९६४ मध्ये घाटगे यांच्या चमूचे ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान आकाशात गेले. त्याचीच पुढची आवृत्ती ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरतींत अनेकांनी पाहिली असेल. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात वाढणाऱ्या मराठी मुलाला महाराष्ट्राबाहेर राहून शिकणे नवे नाही. उद्या तो आणखी दूर, परदेशी गेला, तर पालकांना धाकधूक वाटणारच. घाटगे यांनी जगातल्या उत्तम गुरूकडून विद्या घेतली, ती वर्गात वाटली आणि विमानात उतरवली. इंजिन विकत घेता येते. विमान आखणारी माणसे मात्र घडवावीच लागतात. कॅडेट मित्रहो, पायलटच्या आसनाइतकीच आरेखनाच्या टेबलालाही देशाला गरज आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला हे जरूर आठवा.