उंबऱ्याबाहेरचं घर

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. 1920च्या दशकात बांधलेल्या या इमारतींत मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि सामायिक शौचालयं. खोलीत संसार मावत नाही, म्हणून तो पॅसेजमध्ये येतो. दारात बसून मेथी निवडायची, तिथेच पोरांचा अभ्यास घ्यायचा आणि पाहुणे आले की रात्री अंथरुणंही तिथेच पडायची. पुनर्विकासात आता 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत आणि ती मिळायलाच हवीत. शौचालयासाठी रांग लावण्याचं कौतुक कुणी करू नये. तरीही चाळ सोडताना डोळ्यांत पाणी येतं.

याचं एक कारण मेंदूत आहे. विशिष्ट जागी पोचल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना 1971मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सापडल्या. त्यासाठी त्यांना 2014च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आयुष्यातल्या प्रसंगांच्या आठवणी बांधण्याचं कामही मेंदूचा हाच भाग करतो. त्यामुळे पहिल्या पगाराचे पेढे आठवले की ते वाटले तो जिनाही आठवतो.

दुसरं कारण माणसांच्या येण्याजाण्यात आहे. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत मैत्री कुणाची कुणाशी जमते हे तपासलं. शेजारच्या दाराशी ती सर्वाधिक जमली होती आणि जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख होती. मुद्दाम ठरवून भेटण्यापेक्षा जाता-येता होणारी गाठच नाती घडवते, असं 1950च्या त्या अभ्यासातून दिसलं.

मग ही जागाच गेली तर? बॉस्टनमधली वेस्ट एंड ही कामगारवस्ती गलिच्छ ठरवून 1950च्या दशकाअखेरीस पाडण्यात आली. मार्क फ्रीड यांनी विस्थापितांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये तीव्र दुःखाची लक्षणं आढळली. जवळचं माणूस गेल्यावर दिसतात तशीच ती होती, असं त्यांनी 1963मध्ये मांडलं. हे लोक भावनेच्या भरात बोलत होते म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची रोजची साथसोबतच मोडली होती.

पुनर्विकासाच्या बैठकांत कार्पेट एरियावर तासन्‌तास खल होतो. लिफ्टसमोर चार माणसं टेकतील एवढी जागा आहे का, जुने शेजारी एकाच मजल्यावर राहतील का, हे प्रश्नही तिथेच लावून धरायला हवेत. नकाशे मंजूर होऊन सोडत निघाली की त्यांना कुणी दाद देत नाही.