सिल्व्हर पार्क ते गणेशपुरी : लोकल-एसटीने गेलात तर घरच्या चौघांचा प्रवास ५०० रुपयांच्या आत

भिवंडी, वाडा, शहापूरकडच्या लोकांना वज्रेश्वरी-गणेशपुरी म्हणजे घरचंच अंगण. पण मीरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्कसारख्या वस्तीत भाड्याने राहणारा भाचा किंवा पुतण्या फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे यायला खर्च किती येईल?" बरेच जण गाडी भाड्याने करतात आणि हजारांत खर्च करून बसतात. खरं तर तानसा नदीकाठच्या या गावांत पाहण्यासारखं जे आहे त्याला फारसे पैसे लागत नाहीत. पैसे जातात ते प्रवासात, आणि तिथंच ते वाचवता येतात.

सिल्व्हर पार्कहून पालिकेच्या बसने किंवा शेअर रिक्षाने मीरा रोड स्टेशन गाठायचं. तिथून विरारपर्यंत लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट १० रुपये. विरारहून वज्रेश्वरी सुमारे ३० किलोमीटर. रस्ता शिरसाड फाट्यावर महामार्ग ओलांडून पारोळमार्गे जातो आणि पुढे अंबाडीला निघतो. वसई-विरारकडून या रस्त्याने जाणाऱ्या एसटी किती वाजता आहेत ते आधी चौकशी खिडकीवर विचारून घ्यावं. भिवंडी किंवा वाड्याकडून येणाऱ्यांना अंबाडी नाक्यावरून वळणं सोपं.

एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याने लागतं. जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे साधारण १० रुपये पडतात, म्हणजे विरार-वज्रेश्वरी ५० रुपयांच्या आसपास. आता सवलती बघा. महिलांना अर्धं तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास फुकट. नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि ७५ ओलांडलेली आजी असं कुटुंब धरलं तर एसटीचे जाताना १०० आणि येताना १०० लागतात. लोकलचे दोन्ही वेळचे मिळून ७० च्या आसपास. स्टेशनपर्यंतची बस आणि गावातली रिक्षा धरली तरी ५०० च्या आत भागतं. आजीचं आधार कार्ड मात्र घरी विसरू नका, कंडक्टर वयाचा पुरावा मागतो. आणि ही सवलत एसटीतच, टमटममध्ये नाही. घाईत टमटमला हात करणारे तिथंच पैसे घालवतात.

वज्रेश्वरीचं देऊळ छोट्या टेकडीवर आहे आणि पायऱ्या चढताना किल्ल्यात शिरल्यासारखं वाटतं. त्यामागे कारण आहे. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेताना चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला होता असं सांगतात. १७३९ मध्ये वसई सर झाली आणि नंतर हे देऊळ उभं राहिलं. तिथून जवळच अकलोलीची गरम पाण्याची कुंडं, आणि थोडं पुढे गणेशपुरी. गणेशपुरीत भीमेश्वर महादेवाच्या देवळाशेजारी कुंडं आहेत आणि १९६१ मध्ये समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींचं समाधी मंदिर आहे. स्वामींचे भक्त दक्षिणेत मोठ्या संख्येने, म्हणून गावात इडली-डोसाही चांगला मिळतो.

पाणी गरम कशामुळे? खाली ज्वालामुखी आहे असं बरेच जण ठामपणे सांगतात. तसं काही नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतूनच परत वर येतं. उन्हवरे, राजापूर असे गरम झरे कोकणात खालपर्यंत सापडतात. सगळी कुंडं सारखी नसतात, काहींत पाय टाकवत नाही. आधी हात लावून बघा, मुलांना एकटं सोडू नका. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. साबण-शॅम्पू बाहेरच ठेवा, त्याच पाण्यात तुमच्यानंतर दुसऱ्यांना उतरायचं असतं.

जपून राहायचं ते कुंडापेक्षा नदीपासून. तानसा वरून शांत दिसते. पण याच नदीवर वर शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं हे धरण पावसाळ्यात भरून वाहू लागलं की खाली नदी फुगते. गणेशपुरीत ऊन पडलेलं असतं, पाऊस शहापूरच्या डोंगरात झालेला असतो, आणि पात्रातल्या दगडावर फोटो काढणाऱ्याला मागून पाणी आलेलं कळत नाही. जुलै ते सप्टेंबर नदीपात्रात उतरूच नये. धरण भरल्याची बातमी आली आणि काठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला की मुंबईकडच्या नातेवाइकांनाही तो मेसेज पाठवा. गावातल्या लोकांना कळतं, पाहुण्यांना कळत नाही.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तेही सकाळी लवकर. गार हवेत कुंडातून वाफ निघत असते. रविवारी आणि चैत्र अमावास्येच्या जत्रेत गर्दी असते, त्या दिवसांत खोलीचे भावही चढतात. मुक्काम करायचाच असेल तर लॉजवर खोली बघून, गरम पाण्याचं स्नान धरून भाव ठरवा. जेवण गावातल्या साध्या खानावळीत करावं. रस्त्याकडेला बसलेल्या बायकांकडून काकडी, उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदं-जांभळं घेतली तर ते पैसे थेट त्यांच्या घरी जातात. तिथं पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये.

परतीचं गणित पोचल्यावर लगेच करायचं. वज्रेश्वरीला उतरलात की विरारकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ विचारा, फलक असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. संध्याकाळी बस चुकली की खाजगी गाडीवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो. शेवटच्या बसची वाट न बघता तिच्या आधीची धरावी.