जुन्नर, नाणेघाट आणि रोमची वाईन

मंचरकरांनो, वाईनचं बंदर म्हटलं की फ्रान्समधलं गारोन नदीवरचं बोर्दो आठवतं. पण वाईनच्या व्यापाराचा एक जुना धागा आपल्या शेजारच्या जुन्नरपर्यंत येतो!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातून गलबतं पश्चिम किनाऱ्यावर यायची. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला उतरणाऱ्या मालात वाईन आहे आणि त्यातही इटलीच्या वाईनला पहिली पसंती! वाईनचे उंच मातीचे कुंभ, म्हणजे अँफोरा, त्यांची खापरं प्रवरेकाठी नेवाशालाही सापडली आहेत.

कल्याण-सोपारा बंदरांतला माल सह्याद्री चढून जुन्नरकडे यायचा तो नाणेघाटातून. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, बाहेर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. अंकांच्या इतिहासात या शिलालेखाला फार मोठं स्थान आहे, आवर्जून बघाच. जुन्नरच्या लेण्यांमध्ये तर इरिल, चिट आणि चंद या यवनांनी (म्हणजे पश्चिमेकडच्या परदेशी लोकांनी) दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. इरिलने पाण्याची दोन टाकी दिली, चिटने भिक्षूंसाठी भोजनमंडप.

आणि हो, १९८०च्या दशकात आपल्या नारायणगावातच शॅम्पेनच्या फ्रेंच पद्धतीने फसफसणारी वाईन तयार होऊन परदेशी जाऊ लागली होती!