विटांची रेसकार

शीर्षक वाचून सिव्हिलवाल्यांनी खूष होऊ नये. या विटा बांधकामाच्या नव्हेत, लेगोच्या! डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या प्लॅस्टिकच्या विटेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. १९७७ पासून त्यांत भोकांच्या दांड्या आणि ॲक्सल आले, आणि तिथून हा खेळ मेकॅनिकलवाल्यांचा झाला. "काय रे, लहान मुलांसारखं!" असं म्हणत आमच्या रूमवर येणारा प्रत्येक जण पाचव्या मिनिटाला मांडी घालून गिअर शोधायला बसलेला मी पाहिला आहे.

फॉर्म्युला वन कारचे तयार सेट मिळतात. २०२२ साली आलेल्या मॅक्लारेनच्या सेटमध्ये १४३२ तुकडे आहेत आणि गाडी होते ६५ सेंटिमीटर लांब. पण त्याची किंमत आणि आमच्या मेसचं बिल यांचा मेळ बसेना. माझ्या मावसभावाच्या माळ्यावर मात्र जुन्या सुट्या तुकड्यांचं एक पोतं पडून होतं. पुस्तिका नाही, चित्र नाही. म्हणजे डिझाइन आपणच करायचं.

पहिला प्रश्न, स्केल किती घ्यायचं? आम्ही आधी थाटात १:१० ठरवलं आणि फसलो. कारण बाकी सगळं विटांनी बनवता येतं, टायर नाही. टायर जसं आहे तसंच घ्यावं लागतं. म्हणजे स्केल आपण ठरवत नाही, टायर ठरवतं! आमच्या पोत्यात एकसारखी चार टायर मिळाली, व्यास ६८.८ मिमी. २०२२ ते २०२५ च्या नियमांतल्या फॉर्म्युला वन कारचं टायर ७२० मिमी व्यासाचं. भागाकार केला, स्केल आलं साधारण १:१०.५.

आता व्हीलबेस. त्या नियमांत तो जास्तीत जास्त ३६०० मिमी, म्हणजे बरोबर पाच टायरांइतका. ६८.८ गुणिले ५ म्हणजे ३४४ मिमी. लेगोत दोन भोकांमधलं अंतर ८ मिमी असतं; त्याला आपण एक युनिट म्हणू. ३४४ भागिले ८ बरोबर ४३. बाकी शून्य! त्या रात्री आम्ही कँटीनमध्ये स्पेशल चहा मागवला.

पण रुंदीने रडवलं. कमाल रुंदी २००० मिमी, आमच्या स्केलला १९१ मिमी, म्हणजे जवळजवळ २४ युनिट. अडचण अशी की डिफरन्शियल आणि स्टिअरिंगचा दांडा गाडीच्या बरोबर मध्यावर हवा. मधलं एक युनिट त्याला दिलं की उरलेली दोन्ही बाजूंना सारखी वाटायची, म्हणजे एकूण आकडा विषमच पाहिजे. मग २३ की २५? २५ घेतले तर खऱ्या मापात गाडी २०९३ मिमी होते, म्हणजे तांत्रिक तपासणीतच बाद. २३ घेतले तर १९२६. थोडी बारीक, पण नियमात. आम्ही २३ घेतले. पुढची टायर मात्र प्रमाणापेक्षा जाडजूड राहिली, तिथे हात टेकले.

उंचीचा हिशोब आणखी मजेशीर. वीट ९.६ मिमी उंच आणि चपटी पट्टी ३.२ मिमी. नुसत्या विटा एकावर एक रचल्या तर उभी दांडी भोकांत सहसा बसत नाही. पण भोकं असलेल्या दोन विटांमध्ये दोन पट्ट्या घातल्या की ९.६ अधिक ६.४ बरोबर १६ मिमी, म्हणजे नेमके दोन युनिट! उभी दांडी खटकन बसते आणि सांगाडा घट्ट होतो. तिरक्या आधारासाठी शाळेतला पायथागोरस: तीन युनिट आडवं, चार उभं, की तिरकं पाच. फक्त पाच युनिटांसाठी भोकं सहा लागतात, हे विसरून आम्ही एक अख्खी संध्याकाळ वाया घालवली.

मागच्या ॲक्सलला आधी डिफरन्शियल नव्हतं. कॉरिडॉरच्या फरशीवर वळवताना गाडी हट्टी बैलासारखी सरळच जायला बघायची. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आणि एकाच ॲक्सलला जखडलेली दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरूच शकत नाहीत. डिफरन्शियल घातलं, बैल वळला.

आता मुख्य गोष्ट. गाडी पूर्ण झाली, स्टिअरिंग फिरत होतं, सस्पेन्शन दबत होतं. एका ज्युनिअरने सहज नाक दाबलं आणि म्हणाला, "दादा, ही चाकं आपोआप का वळतात?" पाहिलं तर खरंच! नाक खाली गेलं की पुढची दोन्ही चाकं बदकाच्या पायांसारखी बाहेर फाकत होती. याला बम्प स्टिअर म्हणतात.

कारण सोपं आहे. चाक विशबोनवर वर-खाली होतं, म्हणजे एका वर्तुळाच्या कंसावर फिरतं. स्टिअरिंगचा टाय रॉडही स्वतःच्या कंसावर फिरतो. आमचे विशबोन ६ युनिट लांब आणि आडवे समांतर, टाय रॉड मात्र ४ युनिटचा, ॲक्सलच्या मागे. चाक १६ मिमी वर गेलं की विशबोनचं टोक २.७ मिमी आत येतं, टाय रॉडचं ४.३ मिमी. फरक दीड मिलिमीटर! टाय रॉड चाकाची मागची बाजू तेवढी आत ओढतो आणि आमच्या १६ मिमीच्या स्टिअरिंग आर्मवर चाक पाच अंशांहून जास्त वळतं. उपाय म्हणजे रॅक आखूड करून टाय रॉडही ६ युनिटचा, विशबोनला समांतर आणि आतला सांधा विशबोनच्या सांध्यांच्या रेषेत. बदल केला. नाक दाबलं, चाकं सरळ!

आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मग एकदम सगळे गप्प झालो. कारण स्पर्धेसाठी आमच्या टीमने बनवलेली खरी गाडी खड्ड्यावरून जाताना हातातून निसटते, अशी आमच्या ड्रायव्हरची वर्षभर तक्रार होती. आम्ही त्याला "तुझे हातच ढिले" म्हणून हसत होतो. टायरमधली हवा बदलून पाहिली, शेवटी ड्रायव्हर बदलायचंही ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन टेप लावला. टाय रॉड विशबोनपेक्षा आखूड, आणि आतला सांधा रेषेच्या बाहेर. ड्रॉइंग माझं होतं. बम्प स्टिअरची व्याख्या व्हायव्हात मी धडाधड म्हणून दाखवली होती, तीही माझीच.

कॉम्प्युटरवर ४७.३ मिमी लिहिलं की रेषा निमूटपणे तेवढी होते, काही कुरकुर करत नाही. वीट तसं चालवून घेत नाही. काय सोडलं आणि काय धरलं ते तिथे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि चूक झाली की ती हाताला लागते.

ड्रायव्हरची माफी मागितली. त्याने वडापाववर मिटवलं. विटांची गाडी आता वर्कशॉपच्या कपाटावर असते. टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी तिचं नाक दाबायला लावतो. तुम्हीही या. फक्त एक विनंती, तुकडे खिशातून नेऊ नका. आधीच एक गिअर कमी आहे!