आळे परिसरातील कंडू : शीत लेपाचा उपयोग आणि एक सावधगिरी

जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव, ज्ञानेश्वर महाराजांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी श्रद्धा आहे त्या रेड्याच्या समाधीमुळे वारकऱ्यांना परिचित आहे. व्यापाऱ्यांना ते परिचित आहे शेजारच्या आळेफाट्यावरील कांद्याच्या बाजारामुळे. आम्हां वैद्यांना मात्र या परिसराचा परिचय घडतो तो येथील शेतकऱ्यांच्या त्वचेवरून. कांदा, टोमॅटो, बाजरी आणि चाऱ्याची पिके यांत वर्षभर राबणारा हा वर्ग पावसाळा सरता सरता मान, पापण्या आणि कोपरांचे सांधे खाजवीत चिकित्सालयाची पायरी चढतो. 'अंगाला खाज सुटली आहे, थंड असे काही लावायला द्या' एवढीच त्याची मागणी असते. ही मागणी जितकी साधी दिसते तितकी ती नाही, हे आम्हांस एका चुकीने शिकविले. तो अनुभव आणि त्यातून निघालेला बोध वाचक वैद्यांपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवीत आहोत.

हेतूचा शोध

असे रुग्ण बहुधा फवारणीच्या औषधास दोष देतात. काही वेळा ते खरेही असते. परंतु बांधावर, पडीक रानात आणि कालव्याच्या कडेने माजलेले गाजरगवत, ज्यास आपल्याकडे 'काँग्रेस' म्हणतात, ते विसरून चालणार नाही. या तणाची भारतातील नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, ती पुण्यातीलच. पुढे १९७४ साली डॉ. लोणकर व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या वनस्पतीपासून होणाऱ्या त्वचाशोथावर सविस्तर लेखन केले. म्हणजे हा व्याधी जगाच्या वैद्यकास ठळकपणे कळला तो आपल्या जिल्ह्यामुळे.

गाजरगवतातील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्वचेस संवेदनशील करते. पहिल्या संपर्कात काहीच घडत नाही. वर्षानुवर्षे तण उपटणाऱ्या माणसास एखाद्या हंगामात अकस्मात कंडू सुटतो आणि मग अल्प संपर्कही पुरेसा होतो. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म कण वाऱ्याने उडत असल्याने हात न लावताही त्रास होतो. म्हणूनच वरच्या पापण्या, कानामागील भाग, हनुवटीखालील भाग व मानेच्या वळ्या यांवर विकृती आढळते. केवळ उन्हाने होणाऱ्या विकारात हेच सावलीतील भाग बहुधा मोकळे राहतात. दर्शन-स्पर्शन-प्रश्न या त्रिविध परीक्षेत हा भेद ध्यानात ठेवल्यास निदान सुकर होते.

लेप, प्रलेप आणि लोशन

बाजारात मिळणाऱ्या गुलाबी कॅलामाइन लोशनविषयी वैद्यांच्या मनात उगाच परकेपणा असतो. ब्रिटिश औषधकोशाप्रमाणे त्यात १५ टक्के कॅलामाइन, ५ टक्के झिंक ऑक्साइड, थोडे ग्लिसरीन व पाणी असते. कॅलामाइनला गुलाबी छटा येते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. आपल्या भाषेत बोलायचे तर यशद आणि गैरिक यांचाच हा संयोग होय. त्यातील पाणी उडून जाताना त्वचा थंड होते आणि मागे राहिलेले सूक्ष्म चूर्ण स्राव शोषून घर्षण कमी करते. कंडूचे शमन होते ते या दोन क्रियांनी. मूळ व्याधी मात्र त्याने जात नाही.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात प्रलेप, प्रदेह व आलेप असे तीन भेद सांगितले. त्यांतील शीत व पातळ असा प्रलेप या लोशनास अगदी जवळचा आहे. लेप वाळल्यावर अंगावर ठेवू नये, रात्री लावू नये, आणि तो केसांच्या उलट दिशेने लावावा, हे नियमही त्यांनीच घालून दिले. शार्ङ्गधराचार्यांनी लेपाची जाडीदेखील अंगुलाच्या अंशांत सांगितली. आज आमचे रुग्ण वाळलेल्या थरावर दुसरा थर, त्यावर तिसरा थर चढवितात आणि त्वचा ताणून फुटली की औषधास नावे ठेवतात. पहिला थर साध्या पाण्याने धुऊन मगच दुसरा लावावा, हे सांगण्यास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट आपण द्यावयास हवे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी आमच्याकडे आला. पापण्या सुजलेल्या, मान काळवंडून जाड झालेली. आम्ही पित्तरक्तप्रधान विसर्पसदृश अवस्था मानून दशांगलेप दिला. दोन दिवसांनी तो परत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, लेप लावला की आग जास्तच होते हो." आम्ही त्यास पथ्य विचारले, उन्हात जाऊ नको म्हणून बजावले आणि तोच लेप अधिक पातळ करून दिला. तिसऱ्या खेपेस त्याच्या मानेवर बारीक फोड आले होते. दोष रुग्णाच्या अपथ्यात नव्हता, आमच्या योजनेत होता.

दशांगलेपात शिरीष, ज्येष्ठमध, तगर, रक्तचंदन, वेलदोडा, जटामांसी, हळद, दारुहळद, कुष्ठ व वाळा ही दहा द्रव्ये आहेत. यांतील कुष्ठ म्हणजेच कोष्ठ हे गाजरगवताच्याच कुळातील, म्हणजे सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातील. त्यातील कोस्टुनोलाइड व डिहायड्रोकोस्टस लॅक्टोन ही द्रव्ये पार्थेनिनच्याच वर्गातील होत. या वर्गाची संवेदनशीलता शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर चिकटपट्टीची जी चाचणी करतात, तिच्या मिश्रणात हीच दोन द्रव्ये वापरली जातात. म्हणजे ज्या पदार्थाने विकार ओळखावयाचा, तोच आम्ही सुजलेल्या त्वचेवर दिवसातून दोनदा चोपडीत होतो.

लेप बंद केला, कुष्ठरहित शीत प्रलेप व पुढे शतधौत घृत योजले, तेव्हा त्या रुग्णास उतार पडला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. परंतु द्रव्यांचे साधर्म्य इतके स्पष्ट आहे की सावधगिरीस तेवढे कारण पुरे. दशांगलेप त्याज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. गाजरगवताचा संशय असलेल्या रुग्णात तो देऊ नये, एवढेच सांगणे आहे. हाच विचार त्या कुळातील भृंगराज व अक्कलकारा यांच्या बाह्य प्रयोगासही लागू करावा.

योजना

चरकाचार्यांच्या कंडूघ्न महाकषायात चंदन, जटामांसी, आरग्वध, करंज, निंब, कुटज, सर्षप, ज्येष्ठमध, दारुहळद व मुस्ता ही दहा द्रव्ये आहेत आणि सूर्यफुलाच्या कुळातील एकही द्रव्य त्यांत नाही. त्यांतून सर्षपासारखे तीक्ष्ण द्रव्य वगळून चंदन, ज्येष्ठमध व दारुहळद घ्यावी. त्यांच्या थंड केलेल्या गाळीव काढ्यात यशद भस्म व अल्प शुद्ध गैरिक वस्त्रगाळ करून मिसळावे. गैरिक औषधी प्रतीचे असावे. रंगकामाचा गेरू कदापि वापरू नये. पाण्यातील कल्प लवकर नासतो, म्हणून तो दोन-तीन दिवसांपुरताच करावा, थंड जागी ठेवावा आणि प्रत्येक वेळी हलवून लावावा. प्रथम बाहूच्या आतील बाजूस लहानशा जागी काही दिवस लावून पाहावे व मगच विस्तृत भागावर योजावे.

अवस्थाभेदही पाळावा. स्राव वाहत असल्यास चूर्णयुक्त लोशन देऊ नये, त्याच्या खपल्या धरतात. तेथे थंड काढ्यात भिजविलेल्या स्वच्छ वस्त्राच्या घड्या ठेवाव्यात. लाल, उष्ण पण कोरड्या जागी प्रलेप, आणि जुनाट, जाड, भेगाळलेल्या त्वचेवर शतधौत घृत. घरातील सर्वांनाच रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. पुरळ नसता सर्वांगास खाज असेल तर यकृत, वृक्क व मधुमेह यांचा विचार करावा. सर्वांगाची त्वचा लाल होऊन सोलवटू लागली, ज्वर आला किंवा श्वास लागला तर विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

औषधालयचालकांसाठी

आपल्याच रुग्णासाठी वैद्याने कल्प सिद्ध करणे आणि तो बाटलीबंद करून विकणे यांत कायद्याने भेद केला आहे. विक्रीसाठी उत्पादन परवाना आवश्यकच आहे. बाह्य कल्पांच्या वेष्टनावरील घटकद्रव्यांत कुष्ठ आहे की नाही, हे विक्रेत्याने पाहून ठेवावे. खाजेसाठी आलेल्या ग्राहकास स्टेरॉइडयुक्त मलम परस्पर देण्याची प्रथा तर थांबलीच पाहिजे. केंद्र शासनाने २०१८ साली अशी चौदा बाह्य औषधे अनुसूची 'एच'मध्ये आणली. चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत. अशा मलमाने दद्रूचे रूप पालटते, खाज तात्पुरती थांबते आणि निदानाची वाट बंद होते.

निदानपरिवर्जन

शेवटी, हेतू दूर झाल्यावाचून कोणताही लेप टिकाऊ फळ देत नाही. ज्यास हा विकार जडला आहे त्याने तण उपटू नये. इतरांनीही ते फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. रानातून परतताच हातपाय व तोंड धुवावे, कपडे बदलावेत आणि ते गाजरगवत असलेल्या बांधावर वाळत घालू नयेत. पडीक जागी टाकळा वाढू दिल्यास तो या तणास मागे सारतो. दद्रूवर ज्यास आपण चक्रमर्द म्हणून योजतो, तोच शिवारात रोगाचे मूळ रोखतो, हे मनोज्ञ आहे.

रुग्ण थंडाव्याची अपेक्षा करून आपल्याकडे येतो. तो थंडावा अवश्य द्यावा. मात्र हातातील वाटीत कोणती द्रव्ये आहेत आणि समोरच्या माणसाच्या बांधावर काय उगवले आहे, हे दोन्ही पाहून द्यावा. वाचक वैद्यांस कुष्ठयुक्त लेपांचा असाच विपरीत अनुभव आला असल्यास त्यांनी तो अवश्य लिहून पाठवावा, ही नम्र विनंती.